हिशेब बांधावरच व्हायला हवा

डिसेंबर २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात बिबट्याने काही दिवसांत तिघांचा बळी घेतला आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागली. ऐन उसाच्या हंगामात उजनीच्या फुगवट्याकाठचा पट्टा दहशतीखाली होता. रात्रीची लाईट आली तरी मोटार चालू करायला बांधावर जायची कोणाची छाती होत नव्हती. अशा वेळी ट्रॅप कॅमेरे लावतात. साधा ट्रॅप कॅमेरा मात्र बिनडोक असतो. समोर काही हलले की तो फोटो काढतो, मग ते कुत्रे असो, रानडुक्कर असो की वाऱ्याने हललेले पाचट. नंतर कोणीतरी जाऊन कार्ड काढायचे, संगणकात घालायचे आणि शेकडो फोटोंतून कामाचा एक शोधायचा. तोवर बिबट्या शिवार बदलून मोकळा. नेटवर्कवरून फोटो पाठवणारे कॅमेरेही मिळतात, पण दाट उसात रेंज धड नसते आणि बॅटरी फोटो पाठवण्यातच खलास होते.

कॅमेऱ्याने जागच्या जागी बिबट्या ओळखला आणि गावाला फक्त एका ओळीचा निरोप धाडला, तर? ओळखण्याचे सॉफ्टवेअर आज तयार आहे. अडते ते चिपपाशी. झाडाला बांधलेल्या डब्यात, मुठीएवढ्या बॅटरीवर, महिनोन्‌महिने चित्रे तपासत राहणारी स्वस्त चिप हवी. ती मिळत नाही म्हणून सगळी हुशारी लांबच्या डेटा सेंटरमध्ये जाऊन बसते आणि गावाच्या वाट्याला मोबाईलवरचे ॲप येते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज खाल्ली आणि २०३० पर्यंत हा आकडा दुपटीच्या पुढे जाईल. हे ओझे कमी करण्याचा एक रस्ता मेंदूची नक्कल करणाऱ्या चुंबकीय चिपमधून जातो. त्या रस्त्यावरचा एक महत्त्वाचा दगड एका मराठी शास्त्रज्ञाने बसवला आहे. महाराष्ट्राच्या धोरणात मात्र त्याचा फारसा मागमूस नाही.

आधी मेंदूचे गणित. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज न्यूरॉन असतात आणि हा सगळा कारभार साधारण २० वॅटवर चालतो. संगणकाला हे जमत नाही याचे मुख्य कारण त्याच्या रचनेतच आहे. जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये मांडलेल्या आराखड्यात माहिती साठवण्याची जागा वेगळी आणि तिच्यावर प्रक्रिया करण्याची जागा वेगळी. आजचा मोबाईलसुद्धा मूळ त्याच आराखड्यावर चालतो. करमाळ्याच्या ऊस उत्पादकाला हे तोडणी-वाहतुकीच्या भाषेत चटकन कळेल. ऊस शेतात, कारखाना कोसांवर, आणि बिल हातात आले की समजते ने-आणीने किती खाल्ले. संगणकात ही वाहतूक गाळपापेक्षा कितीतरी महाग पडते. स्टॅनफर्डच्या मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये मांडलेला हिशेब या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे: ४५ नॅनोमीटर तंत्राच्या चिपवर एका गुणाकाराला चारेक पिकोज्यूल ऊर्जा लागते आणि त्यासाठीचा आकडा बाहेरच्या मेमरीतून उचलून आणायला ६४०. मेंदूत ही वाहतूकच नाही. दोन न्यूरॉनांच्या जोडाची ताकद हीच त्याची आठवण आणि तोच जोड हिशेबही करतो. तिथे शेतातच गुऱ्हाळ आहे.

हे ओळखून कार्व्हर मीड यांनी १९८० च्या दशकातच मेंदूच्या धर्तीवर सर्किट बांधायला घेतली. २०१४ मध्ये आयबीएमने ट्रूनॉर्थ ही चिप आणली. तिच्यात दहा लाख कृत्रिम न्यूरॉन होते, पंचवीस कोटींहून जास्त जोड होते आणि वीज लागायची ७० मिलिवॅटच्या आसपास. त्या प्रकल्पाचे प्रमुख धर्मेंद्र मोधा हे आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी. इंटेलची लोइही ही चिप २०१७ ची. दोन्ही चिप भारी, पण दोन्ही नेहमीच्या ट्रान्झिस्टरच्याच. त्यातली स्मृती वीज असेपर्यंत टिकते आणि एकेक जोड बनवायला अनेक ट्रान्झिस्टर खर्ची पडतात.

इथे स्पिनट्रॉनिक्स कामाला येते. इलेक्ट्रॉनला विद्युतभार असतो तसा स्पिन नावाचा गुणधर्मही असतो. त्यामुळे प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे एक अतिसूक्ष्म लोहचुंबक. नेहमीची इलेक्ट्रॉनिक्स फक्त भार वापरते, स्पिनट्रॉनिक्स दोन्ही वापरते. तिचा मूळ घटक म्हणजे चुंबकीय टनेल जंक्शन. जवळून पाहिले तर रचना सोपी आहे: चुंबकीय धातूचे दोन पातळ थर आणि मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडचा पडदा, जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे अणूंच्या मोजक्या ओळी. दोन्ही थरांचे चुंबकत्व एका दिशेला असले की वीज पडद्यातून सहज पार होते, उलट दिशांना असले की अडते. एका थराची दिशा पक्की ठेवलेली असते, दुसऱ्याची विजेच्या झटक्याने फिरवता येते. फिरवून वीज तोडली तरी दिशा जशीच्या तशी राहते. म्हणजे आठवण जपायला वीज लागत नाही.

हे सारे अचानक उगवलेले नाही. आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबेर्ग यांनी १९८८ मध्ये चुंबकीय थरांमधला प्रचंड रोधबदल शोधला आणि २००७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. दरम्यानच्या काळात ते तंत्र हार्डडिस्कमध्ये शिरून तालुक्यातल्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत पोहोचलेही होते. खोलीच्या तापमानाला चालणारी टनेल जंक्शन १९९५ मध्ये जपानात तेरुनोबू मियाझाकी आणि अमेरिकेत एमआयटीमध्ये भारतात जन्मलेले जगदीश मूडेरा यांच्या गटांनी दाखवली.

नोव्हेंबर २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. पहिले नाव अश्विन तुळापूरकर यांचे. काम जपानमधल्या त्सुकुबा येथील संशोधन संस्थेतले, सोबत योशिशिगे सुझुकी आणि इतर. त्यांनी टनेल जंक्शनमधून उच्च वारंवारितेचा प्रत्यावर्ती प्रवाह सोडला. प्रवाहाच्या तालावर मोकळ्या थराचे चुंबकत्व डोलू लागले, त्याबरोबर जंक्शनचा रोध डोलू लागला आणि दोन्हींचा मेळ बसला तेव्हा जंक्शनवर एकाच दिशेचा विद्युतदाब मिळाला. हे डायोडचे काम, तेही सिलिकॉनचा नेहमीचा सांधा न वापरता, केसाच्या जाडीच्या शेकडो पट लहान जागेत. याला स्पिन-टॉर्क डायोड परिणाम म्हणतात. तुळापूरकर आज पवईच्या आयआयटीत विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक आहेत. आपल्याकडे ‘परम’ महासंगणकाच्या आठवणीने ऊर भरून येतो आणि ते रास्तच आहे, पण तुळापूरकर हे नाव फिजिक्सच्या बाहेर किती जणांना ठाऊक असेल, ही शंकाच आहे.

मेंदूशी याचा संबंध बारा वर्षांनी जुळला. न्यूरॉन ठरावीक तालात धडधडतात आणि एकमेकांच्या तालाला प्रतिसाद देतात. टनेल जंक्शनही तेच करते. फ्रान्समध्ये थालेस आणि सीएनआरएस यांच्या संयुक्त प्रयोगशाळेत ज्युली ग्रोलिए यांच्या गटाने २०१७ मध्ये ३७५ नॅनोमीटर व्यासाच्या एकाच जंक्शनला ४०० न्यूरॉनांचे काम आळीपाळीने करायला लावले आणि माणसाच्या तोंडचे शून्य ते नऊ हे आकडे ९९.६ टक्के अचूक ओळखून दाखवले. पुढच्या वर्षी अशा चार जंक्शनांनी स्वर ओळखले. २०२३ मध्ये त्यांनी नऊ जंक्शनांचे दोन थरांचे जाळे बांधले. त्यातले जोड चालतात ते थेट स्पिन-डायोडच्या तत्त्वावर. रेडिओ लहरींच्या नमुन्यांत फरक करण्याचे काम या जाळ्याने ९७.७ टक्के अचूक केले. असे मोठे जाळे बांधले तर ते ड्रोनच्या रेडिओ संदेशावरून ड्रोन ओळखू शकेल आणि वीज लागेल मोजके मिलिवॅट, असे त्याच गटाने संगणकावर गणित करून दाखवले. २०२४ मध्ये मराठवाड्यात आणि पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री ड्रोन फिरतात म्हणून माणसे काठ्या घेऊन जागली होती. त्यांना ही बातमी निव्वळ प्रयोगशाळेतली वाटायचे कारण नाही.

दुसऱ्या वाटेनेही काम चालू आहे. सॅमसंगने जानेवारी २०२२ मध्ये ६४ ओळी आणि ६४ रकाने अशी टनेल जंक्शनांची जाळी जाहीर केली. मेमरीतच हिशेब करणाऱ्या या जाळीने हाताने लिहिलेले आकडे ९८ टक्के आणि चेहरे ९३ टक्के अचूक ओळखले. त्याआधी, २०१९ मध्ये जपानच्या तोहोकू विद्यापीठाने अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या सुप्रियो दत्ता यांच्याबरोबर मुद्दाम डळमळीत ठेवलेली आठ जंक्शन जोडली आणि त्यांच्या चंचलपणातूनच ९४५ या संख्येचे अवयव पाडले.

आठ जंक्शन, नऊ जंक्शन. आणि मेंदूत ८६ अब्ज न्यूरॉन. हा फरक डोळ्याआड करून कोणी करमाळ्यात ‘मेंदूवाली चिप’ म्हणून काही विकायला आला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. टनेल जंक्शनच्या अडचणीही खऱ्या आहेत. त्याच्या दोन अवस्थांमधला रोधाचा फरक दोन-तीन पटींचाच असतो, त्यामुळे हजारो जंक्शनांच्या बेरजेतून अचूक उत्तर काढणे जिकिरीचे. सॅमसंगला त्यासाठी प्रवाहांऐवजी रोधांची बेरीज करणारी वेगळी जोडणी करावी लागली. शिवाय एका साच्यातली दोन जंक्शनही हुबेहूब सारखी निघत नाहीत. दहा वर्षांत हे सगळे सुटेल असे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, आणि कधीच सुटणार नाही असे सांगणाऱ्यावरही.

मग आताच बोलायचे कशाला? कारण पैसा आता वाटला जातो आहे. उजनीच्या पलीकडे इंदापूर, त्यापुढे बारामती. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या साथीने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रकल्प उभा केला आणि सत्या नडेला यांनी २०२५ मध्ये त्याचा जाहीर गौरव केला. शेतात खांब, खांबावर सौर पॅनेल, खाली मातीत ओलावा मोजणारे सेन्सर. ते मोजमाप क्लाऊडवर जाते, उपग्रहाच्या चित्रांबरोबर तपासले जाते आणि ‘आज पाणी द्या’, ‘या कोपऱ्यात खत कमी आहे’ असा सल्ला मोबाईलवर येतो. काम चांगले आहे. राज्य सरकारनेही जून २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले. पण हा हिशेब कुठे होतो, कोणाच्या यंत्रावर होतो आणि उद्या वर्गणी वाढली तर काय, हे प्रश्न चर्चेत येत नाहीत. शेतातल्या मातीची माहिती परक्याच्या गोदामात पाठवून तिचाच सल्ला विकत घ्यायचा, ही व्यवस्था कायमची म्हणून स्वीकारण्यासारखी नाही.

करमाळ्याची परिस्थिती अशा चिपच्या बाजूने बोलते. शेतीच्या फीडरला थ्री-फेज वीज आठ तास, तीही पाळीपाळीने दिवसा आणि रात्री. सौर कृषी वाहिनीमुळे दिवसाचे तास वाढतील तेव्हा वाढतील. अशा ठिकाणी वीज गेली तरी सगळे लक्षात ठेवणारी, गरज पडेल तेव्हाच जागी होणारी आणि बाकीचा वेळ शून्य वीज खाणारी चिप शहरापेक्षा जास्त उपयोगी. कंदरच्या केळीबागेतला सेन्सर असो की दहिगाव उपसा सिंचन योजनेच्या पाण्यावर लक्ष ठेवणारा मीटर, प्रत्येक आकडा मुंबईला पाठवायची गरज नाही. आधी रस्ते आणि पाणी द्या, चिप कसल्या सांगता, असा आक्षेप येईल. तो चुकीचा नाही. पण ज्या तालुक्याच्या एका अंगाला धरणाचे पाणी आणि दुसऱ्या अंगाला वर्षानुवर्षे उपसा योजनेच्या आवर्तनाची वाट, तिथे पाणी किती, कुठे, केव्हा गेले याचे चोख मोजमाप ही चैन नव्हे.

चिपच्या बाबतीत महाराष्ट्राचे राजकारण एका जखमेभोवती फिरते. सप्टेंबर २०२२ मध्ये तळेगावात येणार म्हटलेला १ लाख ५४ हजार कोटींचा वेदांता-फॉक्सकॉन प्रकल्प गुजरातला गेला, त्यावरून रान पेटले आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननेच अंग काढून घेतले. गेलेला प्रकल्प तिकडेही उभा राहिला नाही. या गदारोळात एक साधी गोष्ट हरवली. मोठा कारखाना कोणत्या राज्यात, याइतकेच त्यात काय बनणार हेही महत्त्वाचे असते. टाटा आणि तैवानची पीएसएमसी मिळून धोलेऱ्यात ९१ हजार कोटींचा जो कारखाना उभारत आहेत, त्यात २८ ते ११० नॅनोमीटरचे तंत्र असेल. तीन नॅनोमीटरच्या जमान्यात हे शिळे म्हणून नाके मुरडणारे बरेच आहेत. पण सॅमसंगची ती टनेल जंक्शनची जाळी २८ नॅनोमीटरवरच बनलेली होती, आणि चुंबकीय मेमरीचे व्यापारी उत्पादनही २८ आणि २२ नॅनोमीटरवर चालते. चुंबकीय थर चिपच्या वरच्या धातूच्या जोडण्यांमध्ये चढवायचे असतात, त्यासाठी ट्रान्झिस्टर बारीक करण्याच्या शर्यतीत पहिले यावे लागत नाही. भारताला परवडणारी ही वाट आहे. ती सोडून केवळ डेटा सेंटरांना जमीन आणि सवलती देत बसणे म्हणजे वीज खाणाऱ्याला पोसायचे आणि वीज वाचवणाऱ्याला ताटकळत ठेवायचे.

माणसे आहेत. पवईत तुळापूरकर आहेत, स्पिनट्रॉनिक जोडांचे जाळे यावरच काम करणारे देबांजन भौमिक आहेत, आणि मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर प्रयोगशाळेबरोबर १८० नॅनोमीटरवर देशी मेमरी तंत्र उभे करणारे उदयन गांगुली आहेत. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात तुकाराम डोंगळे यांचा गट मेमरिस्टरवर, म्हणजे मेंदूसारख्या चिपच्या शेजारच्या शाखेत, काम करतो. कोल्हापूरचे हे उदाहरण फार मोलाचे आहे. जिल्ह्याच्या विद्यापीठातून, पातळ थरांच्या जुन्या संशोधनपरंपरेवर उभे राहून, जगाच्या चर्चेत भाग घेता येतो हे त्यातून दिसते. करमाळ्याच्या महाविद्यालयातून बीएस्सी फिजिक्स करणाऱ्या मुलीला आज पुढे बीएड किंवा स्पर्धा परीक्षा एवढेच दिसते. तिला कोल्हापूर आणि पवई या दोन थांब्यांचा रस्ता दाखवायला फार पैसे लागत नाहीत, पाठ्यवृत्ती आणि उन्हाळ्यातले दोन महिने प्रयोगशाळेत घालवायची सोय लागते.

करमाळ्याला यात ग्राहकापेक्षा मोठी जागा मिळू शकते, आणि त्याचे कारण चक्क इथले ऊन आहे. चुंबकीय थराची दिशा किती काळ पक्की राहील हे तापमानावर ठरते. तापमान वाढले की उष्णतेचे हेलकावे वाढतात आणि आठवण डळमळते. डळमळीत जंक्शनवर चालणाऱ्या यंत्रांचे तर सारे गणितच तापमानाशी बांधलेले. प्रयोगशाळेत एसी लावून मिळालेले ९८ टक्के मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात, चाळीस अंशांच्या वर, किती उरतात हे कुठेतरी तपासावेच लागेल. त्यासाठी सोलापूर जिल्ह्याइतकी योग्य जागा शोधून सापडणार नाही.

म्हणून महाॲग्री-एआय धोरणाच्या त्या ५०० कोटींतला एक लहान पण ठरलेला हिस्सा हार्डवेअरच्या अशा शेतातल्या चाचण्यांसाठी वेगळा काढावा. चाचण्या कृषी विज्ञान केंद्रे आणि राज्य विद्यापीठे मिळून करतील आणि आकडे चांगले-वाईट सगळे प्रसिद्ध होतील, अशी अट घालावी. केंद्राच्या ‘चिप्स टू स्टार्टअप’ योजनेतून ८५ हजार तरुणांना चिप आरेखन शिकवायचे उद्दिष्ट आहे आणि विद्यार्थ्यांनी आखलेल्या चिप मोहालीत बनूनही येतात. त्या मार्गाला चुंबकीय थर चढवण्याच्या सामायिक सोयीची जोड मिळावी, असा प्रस्ताव महाराष्ट्राने दिल्लीत न्यावा. पुढाकार घ्यायला पवई आहे, आणि पवईला कोल्हापूर-सोलापूरशी बांधून घ्यायचे काम मंत्रालयाचे आहे. पहिली चाचणी बिबट्या ओळखणाऱ्या कॅमेऱ्याची नसली तरी चालेल. केळीच्या बुंध्याशी ओल मोजून, नेटवर्क नसताना व्हॉल्व्ह उघडायचा की नाही एवढेच ठरवणारी चिप एका उन्हाळ्यात किती वेळा चुकते, एवढे मोजले तरी सुरुवातीला पुरे.